वावळ आणि माझ्या सातशे अकरा शिंका

शिंक ही माणसाची खाजगी बाब आहे, असं माझं बी.एस्सी., बी.एड. झाल्यापासूनचं ठाम मत होतं. शहात्तर सालच्या माघात भिवंडीतल्या केसरीनाथ पाटलांच्या चाळीनं ते मत पार खोडून काढलं. तिथं नळ सामाईक होता, संडास सामाईक होता, आणि खोली नंबर सातमधल्या टिपणीस मास्तरांची, म्हणजे माझी, शिंकही सामाईक होती. फरक एवढाच की नळाला पाणी येत नसे आणि मला शिंक येत असे.

नियम साधा होता. घराबाहेर पाऊल टाकताना कुणी एकदा शिंकलं की काम बिघडलं. चपला काढायच्या, आत यायचं, घोटभर पाणी प्यायचं, थोडं टेकायचं, मग पुन्हा निघायचं. त्याच माणसानं दुसऱ्यांदा शिंकलं तर मात्र दोष उतरला, खुशाल जावं. थोडक्यात विषम शिंक वाईट आणि सम शिंक चांगली. विषम आणि सम संख्यांचा एवढा धाक मला नववी ब मध्ये पंधरा वर्षांत बसवता आलेला नाही.

आता मी सकाळी सहा ते आठ या वेळात सरासरी अठरा वेळा शिंकायचो. आणि सात वाजता पावरलूमची शिफ्ट बदलायची. आमच्या समोरच्या खोलीतला लडकू लूमवर कामाला होता. हातात डबा, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, अशा अवस्थेत तो माझ्या दाराकडे डोळे लावून उभा राही.

"सर, सात झाल्या. आजून एक टाका ना!"

"अरे, येत नाही आता."

"यील, यील. जरा उन्हाकडं बगा."

मी उन्हाकडं बघायचो. शिक्षकी पेशातला माणूस, गॅलरीत उभा राहून तोंड वासून सूर्याकडं बघतोय आणि खाली आठदहा माणसं डबे धरून त्याच्या नाकाची वाट बघतायत, हे दृश्य आमच्या शाळेच्या कमिटीपर्यंत कसं पोचलं नाही याचं मला अजून नवल वाटतं. आठवी शिंक आली की खालून "हां!" असा सामुदायिक सुस्कारा निघायचा आणि माणसं सुटायची. कधी कधी आठवीच्या पाठोपाठ लगेच नववी यायची. मग ती सगळी कोपऱ्यावरून परत यायची आणि जे बोलायची ते मी इथं लिहीत नाही.

लडकूची बायको ठकुबाई घरातून ओरडून विचारायची, "सरांना तपकीर दिऊ का वो?" दुसरी कुणी ओवा सुचवी, तिसरी नाकात गाईचं तूप. एकानं तर सांगितलं की शिंक आली की डाव्या हाताची करंगळी दाबावी. मी दाबली. शिंक आली ती आलीच, वर करंगळी दुखली.

कोपऱ्यातल्या खोलीतले हबीबुल्ला मेस्त्री, लूम दुरुस्त करणारे, तेवढे माझ्या बाजूचे होते. ते म्हणाले, "मास्टरजी, छींक तो अल्ला की नेमत है. आप शुकर कहो, हम दुआ देंगे." मला भरून आलं. पहिल्या शिंकेला त्यांनी दुआ दिली. दुसरीला दिली, तिसरीला दिली. चौथीला गप्प. मी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. "तीन तक दुआ है," ते शांतपणे म्हणाले, "उसके बाद जुकाम है."

हे सगळं मी सोसलं असतं. पण मग अनंताची सुपारी आली.

अनंता म्हणजे आमचे चाळमालक केसरीनाथ यांचा थोरला मुलगा. त्याच्यासाठी दापोड्याची मुलगी पक्की होत आली होती आणि सुपारी फोडायला मंडळी निघाली होती. मालकांचं घर चाळीच्या बरोबर समोर. मधे अंगण, अंगणात वावळाचं जुनं उंच झाड, आणि झाडाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला चेडोबा. चेडोबाला नारळ फुटला, बायामाणसं टेम्पोत बसली, केसरीनाथांनी जीपच्या पायरीवर पाय ठेवला, आणि एक शिंक ऐकू आली. एकच.

सगळ्या माना वर वळल्या. मी गॅलरीत तोंडात दात घासायचा ब्रश धरून उभा होतो. ती शिंक माझी होती का? मला स्वतःला सांगता आलं नसतं. सकाळपासून इतक्या झाल्या होत्या की एखादी नकळत सुटली असेल, असं समजून मी ओशाळून हसलो. हे हसणं पुढं माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं गेलं.

मंडळी खाली उतरली. पाणी प्यायली. पाण्यावर चहा झाला, चहावर चर्चा झाली. पाऊण तास गेला. तेवढ्यात पूर्णा गावची मंडळी दापोड्याला पोचली आणि आपल्या मुलासाठी सुपारी फोडून मोकळीही झाली. त्यांच्याकडे त्या दिवशी बहुधा कुणाला सर्दी नव्हती. आता उशीर शिंकेनं झाला की चहानं, असा एक तर्कशुद्ध प्रश्न मी दुसऱ्या दिवशी विचारला. विचारायला नको होता.

केसरीनाथ स्वतः जिना चढून वर आले. सहा फुटी माणूस, गळ्यात सोन्याचा गोफ, आणि बोलणं एकदम हळू. "सर, तुमी शिकलेले मानूस. मी काय वाकडं बोलनार न्हाय. पन शिमग्यापातुर एक तं शिंका बंद करा, न्हाय तं खोली खाली करा."

हसू नका. त्या काळात भिवंडीत खोली मिळणं म्हणजे काय, हे ज्यानं शोधली त्यालाच कळेल. एकेका खोलीत दिवसपाळीचे बारा आणि रातपाळीचे बारा अशी माणसं आळीपाळीनं झोपत होती. आम्ही दोघंच एका खोलीत राहतो हे सांगितलं की लोक माझ्याकडे जहागीरदार असल्यासारखे बघायचे. शाळा इथून पाच मिनिटांवर. शरयूची, म्हणजे माझ्या पत्नीची, बालवाडी खालच्या गल्लीत. सात वर्षांचं बस्तान एका नाकापायी उठणार होतं. शरयू एवढंच म्हणाली, "तुम्ही सायन्सचे ना? मग काढा काहीतरी शोधून."

तर मी काढायला लागलो.

आधी डॉक्टर. ते म्हणाले, "भिवंडीत राहता ना? मग सुताचा भुगा. इथं सगळ्यांच्याच नाकात आहे."

"पण डॉक्टर, लूम तर बाराही महिने चालतात. मी माघातच का शिंकतो? आषाढात का नाही?"

"आषाढात खोकत असाल," ते म्हणाले आणि त्यांनी पिवळ्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की शिंक थांबे. तिच्याबरोबर मीही थांबे. नववी ब ला परागीभवन शिकवता शिकवता मी हातात खडू धरून उभ्या उभ्या झोपलो, तो हेडमास्तरांनी खांद्याला धरून हलवीपर्यंत. गोळ्या बंद केल्या.

पण डॉक्टरांकडे जाण्याचा एक फायदा झाला. त्यांच्या बाकड्यावर एक जुनं इंग्रजी मासिक पडलं होतं. त्यात लिहिलं होतं की काही झाडांचे परागकण वाऱ्यावर उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ज्यांना ते सोसत नाहीत त्यांना दरवर्षी त्याच ठरलेल्या दिवसांत शिंका येतात, नाक गळतं, डोळे चुरचुरतात. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी जास्त, दमट दिवशी कमी. सुरूसारख्या झाडांची नावंही दिली होती. काचपट्टीला व्हॅसलिन लावून ती हवेत ठेवायची आणि चिकटलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, हेही होतं. मी अधाशासारखा वाचत गेलो. "यावर एकच खात्रीचा उपाय आहे आणि तो म्हणजे" इथं पान संपलं. पुढचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. बहुधा भजी बांधायला.

मी घरी आलो आणि गॅलरीतून समोर पाहिलं. वावळाची पानं सगळी गळून गेली होती आणि नागड्या फांद्यांवर हिरवट तपकिरी बारीक झुबके लटकत होते. फुलं! माझ्या नाकापासून वीस हातांवर! मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, पण तोंड उघडल्याबरोबर चार शिंका आल्या. सम होत्या म्हणून निभावलं.

माझा पहिला विचार असा की पुढच्या वर्षी झाड फुलायच्या आत फांद्या छाटून मिळाव्यात. झाडं तोडण्याविरुद्ध नुकताच नवा कायदा आला होता, म्हणून मी रीतसर अर्ज घेऊन कचेरीत गेलो. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, कारण मला अजून नोकरी करायची आहे. ते दिवस वृक्षारोपणाचे होते. भिंतीभिंतीवर झाडं लावा म्हणून लिहिलेलं, आणि सगळ्या कचेऱ्यांत माणसं घाबरून वेळेवर येत होती. आल्यावर काय करायचं याचा हुकूम मात्र निघालेला नव्हता.

"झाड तोडायचंय?" कारकुनानं आवाज खाली आणून विचारलं.

"छे, छे. फक्त छाटायचं. त्याच्या फुलांमुळे मला शिंका येतात."

"वावळाला कुठं फुलं असतात? गुलाबाला असतात ती फुलं."

मी त्यांना वनस्पतिशास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "हे परागकण डासात बसतात की धुळीत? डास असतील तर फवारणी खातं. धूळ असेल तर पाणी मारायचं खातं. दोन्हींत बसत नसतील तर तुमच्या अर्जाला खातंच नाही." शेवटी अर्जावर 'झाडाबाबत' असा शेरा मारून त्यांनी तो एका फायलीत सारला.

आठ दिवसांनी कचेरीचा शिपाई काळूराम हातगाडी ढकलत चाळीत आला. गाडीवर पंचवीस रोपं. "टिपनीस मास्तर कोन? झाडाबाबतचा अर्ज तुमचाच ना? करा सही. जगवायची जबाबदारी तुमची." मी पाहिलं तर रोपं सुरूची. म्हणजे जी झाडं वाऱ्यावर पराग उधळतात म्हणून मासिकात छापलं होतं, त्यांतली पंचवीस सरकारनं मला घरपोच दिली होती. वर एक साहेब आले, त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि फोटो काढला. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. शरयूनं ती रोपं चाळीमागं ओळीनं लावली आणि म्हणाली, "म्हातारपणच्या शिंकांची सोय झाली."

शिमग्याला सव्वा महिना उरला होता. अर्जानं काही होणार नाही हे कळल्यावर मी ठरवलं की झाड राहू दे, निदान पुरावा तरी उभा करू. रोज हवेत पराग किती आणि रोज मी शिंकलो किती, हे एका कागदावर मांडून दाखवलं तर ही अशुभ शिंक नसून शास्त्रीय शिंक आहे हे केसरीनाथांना पटेल. तेही शेवटी लूमचे मालक, यंत्र समजणारा माणूस.

शाळेतला सूक्ष्मदर्शक मी तीन लेखी विनंत्या आणि एक हमीपत्र देऊन घरी आणला. काचपट्टीला व्हॅसलिन फासून ती गॅलरीच्या कठड्याला दोऱ्यानं बांधून झाडाच्या दिशेनं लटकवली. आणि शाळेत गेलो. आपण शास्त्रज्ञ आहोत, या भावनेनं मी त्या दिवशी वर्गात कुणाला मारलंसुद्धा नाही.

दुपारी परत येतो तर अंगणात ही गर्दी. ठकुबाई मधे उभी राहून हातवारे करत होती. "ह्या डोल्यांनी बगितलं! काचेला कसलासा चिकट लेप लावलाय, काला दोरा बांधलाय आन् तोंड चेडोबाकडं केलंय! सरांनी करनी केली!"

दोरा काळा होता हे खरं. शरयूच्या शिवणाच्या डब्यात तोच होता. मी हात वर करून सांगितलं, "शांत व्हा. ही करणी नाही. या झाडातून जे अदृश्य कण बाहेर पडतात आणि माणसाच्या नाकातून शिरतात, ते मी या काचेवर पकडतो आहे." बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी करणीचंच वर्णन केलं होतं. चार बायका मुलांना घेऊन घरात गेल्या.

मेस्त्रींनी वाचवलं. "दिखाओ तो सही, मास्टरजी." मी सूक्ष्मदर्शक बाहेर आणून स्टुलावर ठेवला. आधी लडकूनं डोळा लावला. बराच वेळ बघितलं आणि एकदम म्हणाला, "सर, ह्ये तं सूत हाय. चालीस नंबरी." आणि खरोखर, काचेवर भुग्याचे तंतू होते. ते शंभरपट मोठे दिसत असूनही त्यांच्या जाडीचा नंबर या पठ्ठ्यानं ओळखला! माझ्या वर्गात असं एक पोर नाही. मग मेस्त्रींनी पाहिलं. "सूत तो ठीक है. लेकिन ये गोल गोल दाने क्या हैं?"

"तेच," मी म्हटलं. "तेच माझे वैरी."

त्या दिवसापासून चाळीचा रागरंग थोडा बदलला. कण मी मोजायचो आणि शिंका लडकू मोजायचा. खरं तर तो आधीपासूनच मोजत होता, त्याची शिफ्टच त्यावर अवलंबून होती. मी शाळेत असलो की तिथल्या शिंका मी खडूनं फळ्याच्या कोपऱ्यात रेघा मारून टिपत असे. ज्या दिवशी सकाळी धुकं आणि दमट हवा असे त्या दिवशी काचेवर दहाबारा कण आणि शिंका पाच. ज्या दिवशी कोरडा वारा सुटे त्या दिवशी दीडशे कण आणि शिंका चाळीस. एकतीस दिवस, सातशे अकरा शिंका. आलेखाच्या कागदावर दोन रेषा काढल्या तर त्या अशा जोडीनं चढत उतरत गेल्या की मी शरयूला म्हटलं, "बघ, काय जोडा आहे!" ती म्हणाली, "आपल्यापेक्षा बरा."

एकच गोष्ट राहिली होती. झाडापासून लांब गेलं की शिंका थांबतात का, हे बघायला हवं होतं. म्हणून एका रविवारी मी आणि शरयू एस.टी.नं अकलोलीला गेलो. तिथं गरम पाण्याची कुंडं आहेत, आंघोळही होईल आणि प्रयोगही होईल. दुपारपर्यंत मी फक्त दोनदा शिंकलो. मी खुशीत वहीत लिहीत होतो, तेवढ्यात शरयूनं मला कोपरानं ढोसलं.

समोरून केसरीनाथांच्या आई गोदूबाई येत होत्या. त्या दरवर्षी माघात गुडघ्यांसाठी अकलोलीला येऊन राहतात हे चाळीला माहीत होतं. सुपारीचं फिसकटल्यावर दोन दिवसांतच त्या इकडं आल्या होत्या. पण ही बाई पाण्यानं भरलेली कळशी कमरेवर घेऊन कुंडाच्या ओल्या पायऱ्या तरातरा चढत होती. आम्हाला पाहिलं आणि जागच्या जागी थबकली.

"आजी, गुडघे बरे झालेले दिसतायत," शरयू म्हणाली.

म्हातारीनं इकडंतिकडं बघितलं, कळशी खाली ठेवली आणि आमच्याजवळ पायरीवर बसली. "गुडघ्यांना काय धाड भरलीय? माजं नाक गं बाय."

मग तिनं सांगितलं ते असं. वावळाला ते झुबके आले की तिला शिंका लागतात. नवरा गेल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, शुभकार्याला ती पुढं येत नाही. दाराआड बसते. "आदीच रांडमुंड बाई, त्यात शिंकली तं लोकं जगू देतील का?" पदराचा बोळा तोंडात कोंबायचा आणि दम धरायचा. फारच झालं की गुडघ्याचं निमित्त करून अकलोली. इथं आलं की दोन दिवसांत नाक मोकळं.

"आन् सर," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "अनंताच्या सुपारीची शिंक तुमची नव्हती. माजी होती. दाराआड होते. पदर धरला होता तोंडाशी, पन सुटली. समदी तुमच्याकडं बगाया लागली. मी गप बसले. मना माफ करा."

मी उठून उभा राहिलो. मला भयंकर राग आला, आणि त्याच वेळी वाटलं, सुटलो! हातात शास्त्र होतं, आता साक्षीदारही मिळाला. मी काही बोलणार तर शरयूनं माझा सदरा खाली ओढला. म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. परतीच्या एस.टी.त शरयूनं माझ्या हातातली वही मिटून पिशवीत टाकली. मग म्हणाली, "खोली गेली तर गेली. तिचं नाव घ्यायचं नाही." मी म्हटलं, "बघू." माझं 'बघू' तिला आवडलं नाही.

शिमग्याच्या आदल्या सकाळी मालकांच्या अंगणात चाळ जमली. केसरीनाथ खुर्चीवर, मागं अनंता तोंड पाडून. गोदूबाई सणासाठी परत आल्या होत्या आणि दाराच्या आड बसल्या होत्या, नुसतं लुगड्याचं टोक दिसत होतं. मी आलेखाचा कागद चार टाचण्यांनी मालकांच्या दारावर लावला आणि पट्टी घेऊन बोलायला लागलो. तसं व्याख्यान मी आयुष्यात दिलेलं नाही. लडकूनं मधे मधे "बराबर हाय, मी मोजल्यात" अशी साक्ष दिली. मेस्त्री म्हणाले, "साइन्स की बात है." लोक माना डोलवत होते. मी पट्टी खाली ठेवली.

केसरीनाथ कागदाजवळ जाऊन दोन्ही रेषांवरून बोट फिरवत राहिले. मग वळले.

"म्हंजी सर, ह्ये झार तुमाला शिंका आनतं."

"अगदी बरोबर!"

"जवा जास्त सोडतं तवा तुमी जास्त शिंकता."

"सिद्धच झालंय तसं."

"झार चेडोबाचं हाय. चालीत साठ मानसं ऱ्हातात, झार कुनालाच काय करत न्हाय. निस्तं तुमालाच करतं. रोज. येवढ्या हिशोबानं." त्यांनी सावकाश हात जोडले. "सर, आता तं तुमीच दाकवून दिलं. देवाला तुमी हितं नको हाय."

सगळं अंगण "हां" म्हणालं. लडकूसुद्धा! एकतीस दिवस मी काचा पुसल्या, डोळे फोडून कण मोजले, आणि स्वतःच्या हातानं स्वतःला बाहेर काढण्याचा पुरावा सुबक अक्षरात लिहून यांच्या दारावर टाचला होता. सामान कुठं न्यायचं, शाळा कशी गाठायची, बालवाडीचं काय, हे सगळं एकदम डोक्यात आलं.

मी उदार मनानं गप्प राहिलो, असं शरयू लोकांना सांगते. खरं सांगतो, मी बोलणार होतो. "फक्त मलाच नाही" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते आणि मी दाराकडं बोट उचललंही होतं. पण दाराच्या फटीतून म्हातारीचे डोळे दिसले. ती माझ्याकडं बघत होती आणि मान हलवून हो म्हणत होती. सांगा, म्हणत होती. मग मात्र मला सांगवेना. मी बोट खाली घेतलं आणि म्हटलं, "ठीक आहे. उद्यापर्यंत खोली रिकामी करतो."

तेव्हा दार उघडलं. गोदूबाई बाहेर आल्या, पायऱ्या उतरल्या, सरळ वावळाखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर त्यांनी तोंडावर न घेता खांद्यावर टाकला. झुबके वाळून आले होते तरी वर अजून फुलत होते, आणि वारा होता.

"आये, उन्हात काय करतेस? आत जा," केसरीनाथ म्हणाले.

म्हातारी शिंकली. एक शिंक. मग दुसरी, मग तिसरी. बावीस वर्षांचं कोंडलेलं होतं ते. एकेका शिंकेला म्हातारी पूर्ण वाकायची आणि पुन्हा ताठ व्हायची. लोक सवयीनं ओठांतल्या ओठांत मोजत होते. अकरा झाल्या आणि थांबल्या. सगळे बाराव्या शिंकेची वाट बघत राहिले.

"बारावी आदीच झाली," गोदूबाई म्हणाल्या. "अनंताच्या सुपारीला. ती ह्या सरांची नव्हती, माजी होती. देवाला हितं कोन नको असंल तं ती मी हाय. चल, काढ मना बाहेर."

मी केसरीनाथांकडं बघत होतो. ते आत गेले, स्वतःच्या हातानं तांब्याभर पाणी घेऊन आले आणि आईपुढं मांडी घालून मातीत बसले.

"कवापासून, आये?"

"तुजा बा गेला तवापासून."

"आन् मना बोल्ली न्हाय?"

"तुला कसं बोलू? तूच जीपमदनं पयला खाली उतरतोस."

त्यांनी तांब्या तिच्या हातात दिला. साठ माणसं टाचा उंचावून उभी, कारण शिंकेचा अर्थ आता मालकांच्या तोंडून निघायचा होता. अखेर ते उठले आणि घसा खाकरून म्हणाले, "आईची शिंक हाय. शुभ हाय." लगेच सगळे "व्हय, व्हय, शुभच ती" म्हणायला लागले. ठकुबाईनं तर आपल्या माहेरी पूर्वीपासून असंच मानतात म्हणून सांगितलं. बावीस वर्षांचा दोष दोन मिनिटांत उतरला. शास्त्राला त्यासाठी कुणी काही विचारलं नाही. माझा आलेख वाऱ्यानं एका टाचणीवर फडफडत होता.

"आन् सरांची?" लडकूनं विचारलं.

केसरीनाथांनी आईकडं पाहिलं.

"एकाच झाराची हाय," गोदूबाई म्हणाल्या. "माजी तीच त्यांची. ते कुटं जायाचे न्हाईत."

मला आभाराचं दोन शब्दांचं भाषण करायचं होतं. तोंड उघडलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, साठ माणसांसमोर, सायन्सच्या शिक्षकाच्या. आमच्या वहीत शेवटचा रकाना 'डोळ्यांना पाणी' असा होता आणि वही शरयूच्या हातात होती. तिनं पेन्सिल काढली, माझ्याकडं नीट बघितलं आणि हळूच विचारलं, "हे धरायचं का?"

"नको," मी म्हटलं. "हे झाडाचं नाही."